भिताडाकडून आलेल्या शुभेच्छा

१

मी कमळाकर. मुरबाडच्या एसटी स्टँडवर मी वाहतूक नियंत्रक होतो. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माईकवरून सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त झालो तेव्हा पायांना विश्रांती मिळाली, पण गळ्याला ती मानवेना. घरातही मी मोठ्यानं बोलायचो. माझी बायको शकू वैतागून म्हणायची, "हा फलाट नाय, सैपाकघर हाय. हळू बोला जरा."

मग मारुतीच्या देवळाचा भोंगा माझ्या लक्षात आला. सप्ताहाचे दिवस सोडले तर तो वर्षभर कावळ्यांना बसायला होता. देवळाला लागून एक छोटी खोली आहे, तिथं मशीन आणि माईक. पंचायतीला विचारलं, ते हो म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता मी गावाला हवामान सांगतो, चार बातम्या सांगतो आणि त्या दिवसाचे वाढदिवस सांगतो. आधी थोरामोठ्यांचे, मग गावातले. कोणी वारलं असेल तर तेही सांगतो, पण अगदी शेवटी. "आणि आता" असं म्हणून मी एक श्वास घेतो. तेवढ्यानं लोकांना कळतं, हातातलं काम थांबतं.

आमचं गाव म्हशापासून आत, डोंगराच्या पायथ्याला. ओढ्यापलीकडे काळ्या दगडाचा एक सरळ तुटलेला कडा आहे. त्याला आम्ही भिताड म्हणतो. भोंग्याचा आवाज त्यावर आपटून परत येतो. सुरुवातीला माझीच दोन वाक्यं एकमेकांत अडकायची. मग मी एक वाक्य बोलून थांबायला शिकलो. ते पलीकडे जाऊन परत आलं की पुढचं. गावाला सगळं दोनदा ऐकू येतं, त्यामुळे म्हाताऱ्यांची सोय झाली.

ही पाच मिनिटं मला फार सुखाची वाटतात. दार उघडं असतं, चुलींचा धूर खाली बसलेला दिसतो आणि रामू आजोबा आपलं नाव ऐकून ओट्यावरूनच दोन्ही हात जोडतात. माणसाला आणखी काय पाहिजे?

२

डिसेंबरात थंडीनं माझा घसा धरला. एके दिवशी बातमी सांगता सांगता मी माईकमध्येच जोरात खोकलो. थांबलो. भिताडाकडून माझं वाक्य परत आलं.

त्यात खोकला नव्हता.

वाक्य सलग आलं, स्वच्छ, माझ्याच आवाजात. जिथं मी खोकलो होतो तिथं दोन शब्द होते, जे मला म्हणायचे होते पण म्हणता आले नव्हते. मी मशीनकडे बघत राहिलो. मग मीच माझी समजूत घातली. खोकल्याचा आवाज जाड असतो, तो लांब पोचत नसेल. राहिले ते दोन शब्द, तर ते माझ्या डोक्यात होते, म्हणून मला ऐकू आले असतील. आयुष्यभर कानाशी कर्कश भोंगा घेऊन बसलेल्या माणसानं कानावर किती विश्वास ठेवायचा?

घरी आल्यावर शकूला विचारलं, "आज मी खोकलो ते ऐकू आलं का गो?"

"आलं की. एकदाच आलं," ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

३

त्यानंतर थोड्या दिवसांनी मी सांगितलं, "आकाश निरभ्र राहील. दुपारी ऊन, रात्री थंडी." फोनवर तसंच होतं आणि बाहेर बघूनही तसंच वाटत होतं. मी थांबलो. तेवढ्यात देवळाचा गुरव सुदाम दारात येऊन उभा राहिला आणि तेलाच्या बाटलीचं काहीतरी विचारू लागला. त्याला उत्तर देण्याच्या नादात भिताडाकडून काय आलं तिकडे माझं लक्ष गेलं नाही.

दुपारी जेवून आडवा झालो होतो. पत्र्यावर टपटप सुरू झाली आणि बघता बघता पाऊस कोसळला. डिसेंबरातला पाऊस! ज्यांची खळी उघडी होती त्यांची धावपळ उडाली.

संध्याकाळी शेजारची जया घरी आली. तिच्या हातात वाटीभर ओले वाल होते. तिचा नवरा मुंबईकडे कामाला असतो, शेती ती एकटीच बघते.

"काका, तुमचे उपकार. तुमी बोललात म्हणून मी सकाळीच ताडपत्री टाकली. नायतर सगळं भात भिजलं असतं."

"मी काय बोललो?"

"पाऊस येनार म्हनून. 'दुपारी पाऊस, खळी झाका.' " ती हसली. "पयल्यांदा नीट ऐकू नाय आलं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा बरोबर ऐकलं."

मी वाटी हातात घेतली. नाही म्हणावं तर तिचं भात खरोखर वाचलं होतं. हो म्हणावं तर मी ते बोललोच नव्हतो.

"बरं झालं," एवढंच म्हणालो.

रात्री वाल शिजले. छान लागले. जेवताना मी मनात कोणाचे तरी आभार मानले. नेमके कोणाचे, ते मला माहीत नव्हतं.

४

माझा मुलगा दीपेश मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला. त्याची बायको नम्रता त्या वेळी गरोदर होती. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आटगावला जायचं ठरलं होतं. पण दिवस भरायला अजून अवकाश होता. म्हशाची जत्रा होऊ दे, मग जाईन, असं तीच म्हणाली होती. जत्रेतली खाजा-मिठाई तिला फार आवडते.

जत्रेच्या आदल्या दिवशी, बारा जानेवारीला, मी नेहमीप्रमाणे खोलीत बसलो. धुकं इतकं होतं की ओढा दिसत नव्हता. भिताड तर नव्हतंच जणू. मी हवामान सांगितलं, धुक्यात गाड्या सावकाश चालवा म्हणालो. उद्यापासून जत्रा, जनावरं घेऊन येणारी मंडळी रस्त्याला लागली आहेत, तेही सांगितलं. मग जिजामातांची जयंती, विवेकानंदांची जयंती. गावात त्या दिवशी कोणाचाच वाढदिवस नव्हता. "सर्वांचा दिवस चांगला जावो" म्हणून मी मशीन बंद केलं. लाल दिवा गेला. वर भोंग्याची घरघर थांबली.

धुक्यातून माझं वाक्य परत आलं. "सर्वांचा दिवस चांगला जावो."

मी उठलो आणि चपला शोधायला लागलो.

"आज जन्माला आलेली," पलीकडून माझा आवाज म्हणाला, "दीपेश आणि नम्रता यांची मुलगी. मुक्काम शहापूर. तिला गावातर्फे आशीर्वाद."

एक पाय चपलेत, एक बाहेर, असा मी उभा राहिलो. मशीनचा दिवा बंदच होता. मी हात लावून बघितलं. बटण खाली होतं.

मग एक श्वास ऐकू आला. तो श्वास मी ओळखतो, तो माझाच आहे.

"आणि आता..."

मी दोन्ही कान दाबून धरले. तळव्यांखाली रक्ताचा आवाज घुमत होता, आणि तरीही पलीकडे कोणीतरी सावकाश, शब्द नीट तोडून बोलतंय हे मला छातीत जाणवत होतं. ते थांबलं तसं मी हात काढले. बाहेर कोंबडा ओरडत होता. देवळाच्या पायरीवर सुदाम तोंड धूत होता. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, रोज हलवतो तशीच.

५

घरी जाईपर्यंत मी स्वतःशी भांडत होतो. सुनेची काळजी मनात आहे, तीच कानांत बोलली. म्हातारपणी असं होतं. डॉक्टरला दाखवायला हवं. सगळं पटत होतं. पण घरात पाऊल टाकल्यावर नम्रता तांदूळ निवडताना दिसली आणि मी म्हणालो, "दीपेश, गाडी काढ. हिला आज आटगावला सोडून येऊ."

"आज? रविवार हाय बाबा. आणि उद्यापासून जत्रा."

"आताच."

नम्रता हसली. "बाबा, मला काय होत नाय. मी बरी हाय."

शकू बाहेर आली. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. "काय झालं? कोनी काय बोललं का?"

मी नम्रतासमोर खाली जमिनीवर बसलो. सासरा सुनेपुढं असा बसत नाही. ती गडबडून उठायला लागली.

"मी आजवर तुझ्याकडं काय मागितलं नाय गो. आज मागतो. चल."

तिनं सूप बाजूला ठेवलं. काही विचारलं नाही. त्याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहे.

सरळगाव मागे पडलं. धुकं विरत होतं. किन्हवलीच्या अलीकडे मागच्या सीटवरून नम्रताचा आवाज आला, "आई, माझ्या पोटात काहीतरी..." आणि मग शकूचा. "दीपेश, आटगाव नको रे. सरळ शहापूरला घे. रक्त जातंय हिचं."

दवाखान्यात तिला लगेच आत नेलं. दीपेश सह्या करत होता. मी बाकावर बसलो. समोरच्या भिंतीला हिरवा रंग होता, खाली पानाच्या पिचकाऱ्या पुसल्याच्या खुणा. दाराच्या पलीकडे कोणी बोललं की मी ताठ व्हायचो. मला एकाच गोष्टीची भीती होती. अर्धं भाकीत मी ऐकलं होतं. उरलेलं अर्धं कानांवर हात ठेवून टाळलं होतं. ते कोणाचं होतं? मुलगी जन्मणार हे त्यानं सांगितलंच होतं. मग "आणि आता" कोण?

दार उघडलं. डॉक्टरबाई बाहेर आल्या. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो, त्या श्वास कसा घेतात त्याकडे.

"मुलगी झाली," त्या म्हणाल्या. "नाजूक आहे, काचपेटीत ठेवलंय, पण चांगली रडली. बाळाची वार गर्भाशयापासून आधीच सुटायला लागली होती. घरी असतात तर दोघींपैकी कोणाचंच सांगता आलं नसतं."

"नम्रता?"

"शुद्धीवर येते आहे."

दीपेश माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. "बाबा, तुमाला कसं कळलं?" तो विचारत होता. मी त्याची पाठ थोपटत राहिलो.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याबाहेर चहा पीत होतो. फोन वाजला. जया होती.

"काका, अभिनंदन! नात झाली. सगळ्यांना लय आनंद झालाय."

"तुला कोणी सांगितलं? शकूनं फोन केला?"

"काकी कशाला? तुमीच सांगितलंत ना आता भोंग्यावर."

चहा सांडला. मी आत जाऊन शकूला विचारलं. तिनं कोणालाच फोन केला नव्हता. दीपेशनंही नाही. खोलीची किल्ली माझ्या खिशात होती, मी ती चाचपून बघितली.

आठवडाभर आम्ही शहापूरलाच होतो. रात्री नम्रताचे वडील नवसू आटगावहून डबा घेऊन यायचे, माझ्याशेजारी बसायचे. बाळाचं वजन हळूहळू वाढत होतं. काचेतून तिची मूठ उघडताना दिसली की मला जगात वाईट काही नाहीच असं वाटायचं. आणि सकाळी सात वाजले की मी जिथं असेन तिथं थांबायचो. गावाच्या दिशेनं मान वळवायचो. एवढ्या लांबून काय ऐकू येणार? तरीही.

गावात परत गेलो तेव्हा जो भेटेल तो हात धरत होता. "एवढ्या धावपळीत पन एक दिवस चुकवला नाय हो तुमी." रामू आजोबांचे तर डोळे भरून आले होते. त्यांच्या वारलेल्या बायकोचा जन्मदिवस भोंग्यावर सांगितला गेला होता. तो त्यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हता. "बारकीचं नाव घेतलंस रे," ते म्हणाले. "कोनाला आठवतंय आता ती? तू आठवलीस."

मी सुदामला गाठलं. "खोली कोणी उघडली?"

"कोनी नाय. किल्ली तुझ्याकडं. मला वाटलं दीपेशनं मोबाइलवरून जोडून दिलं असंल. आजकाल काय पन होतं." सगळ्या गावाला तसंच वाटत होतं. भीती कोणालाच वाटत नव्हती. भ्यायचं काम एकट्या माझ्याकडे आलं होतं.

शेजारी जया तिच्या दारातच उभी होती. ती म्हणाली, "काका, त्या धुक्याच्या दिवशीचं तुमचं पयलं खरं झालं आनि दुसरं, वारल्याचं, चुकलं, हे देवाचे उपकार. मी ओढ्यावर पानी भरत होते, ऐकून हातातला हंडाच—"

"जया, नको सांगू."

"पन तुमीच तर—"

"नको गो. पाया पडतो."

ती मान हलवून पाण्याला गेली. त्या आठवड्यात गावात कोणीही वारलं नव्हतं.

७

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर निघालो. उजाडलं होतं, आकाश स्वच्छ, भिताड समोर लख्ख दिसत होतं. खोलीच्या दाराला कुलूप होतं, मी लावलेलं तसंच. मी किल्ली हातात धरून उभा राहिलो.

वर भोंगा घरघरला.

"नमस्कार," माझा आवाज म्हणाला. "आज आकाश निरभ्र. आंब्याला मोहोर चांगला आहे, तो टिकेल."

मी ओठांना हात लावला. ते मिटलेले होते. वाक्य संपलं. मी भिताडाकडे बघितलं, त्या बाजूनं परत येण्याची वाट बघत. काहीच आलं नाही. पहिल्यांदाच तो कडा गप्प होता. नुसता दगड. घर सोडून गेलेल्या माणसाच्या घरासारखा.

खोलीला एक खिडकी आहे, तिची एक पट्टी तुटकी. मी तिथं डोळा लावला. आत अंधूक होतं. लाल दिवा लागलेला होता. खुर्ची टेबलाला ओढलेली होती आणि तिच्यावर कोणी नव्हतं. माईकला मी रुमाल बांधतो, फुंकर लागू नये म्हणून. तो रुमाल हलत होता. आत ओढला जायचा, मग बाहेर फुगायचा. बोलताना माणसाच्या तोंडापुढं कापड हलतं, अगदी तसा. वाक्य संपलं की तो स्थिर व्हायचा आणि थांबायचा. परत येणाऱ्या आवाजासाठी जेवढं थांबायचं, तेवढंच.

मी खिडकीपासून मागे झालो नाही. जयाचं भात, नम्रता, काचेतली ती मूठ. हे सगळं ज्याच्यामुळे वाचलं त्याच्याकडे मी पाठ कशी फिरवणार होतो? आणि मला हेही दिसत होतं की त्याला बोलायला आवडतं. फार आवडतं. मला आवडतं तेवढंच.

मी कुलूप उघडलं. दार लोटलं तसा आवाज वाक्याच्या मध्येच तुटला. रुमाल सैल पडला. मी खुर्चीत बसलो. रुमालाला बोट लावलं, तो ओला होता.

"आभारी आहे," मी माईकमध्ये म्हणालो.

बराच वेळ काही झालं नाही. मग ओढ्यापलीकडून, जिथून यायला हवं तिथून, माझे दोन शब्द परत आले. दमल्यासारखे, नाखुशीनं आल्यासारखे.

८

नातीचं बारसं आटगावला झालं. तिचं नाव कुणाली ठेवलं. नम्रता पिवळी साडी नेसून पाळण्याशी बसली होती, गालांवर रंग परत आला होता. बायकांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या केलं, घुगऱ्या वाटल्या. नवसूंच्या अंगणात पंगत बसली. जेवण झाल्यावर कुणालीला माझ्या मांडीवर दिलं. तिनं माझं बोट धरलं आणि सोडेना.

उन्हं उतरायला लागली तसा मी शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या शेवटच्या गाडीचा टाइम विचारला.

"आज ऱ्हावा की व्याही," नवसू म्हणाले. "नातीजवळ एक रात तरी."

शकूही राहणार होती. दीपेश चिडला. "बाबा, एक दिवस नाय बोललात तर गाव काय उपाशी ऱ्हाईल?"

"नाय रे. गावाचं काय अडत नाय."

"मंग?"

कुणालीच्या मुठीतून मी बोट हळूच सोडवलं. ती झोपली होती, श्वास घेत होती, आणि त्या प्रत्येक श्वासासाठी मी ऋणी होतो. मी तिला नम्रताकडे दिलं, टोपी घातली आणि चपला पायात सरकवल्या.

उद्या सातला त्या खोलीत कोणीतरी बसणारच. ते मीच असावं, एवढ्यासाठी मी गाडी पकडली.